सर चंद्रशेखर वेंकट रामन : हिशेबखात्यातील दहा वर्षे

सर चंद्रशेखर वेंकट रामन हे नाव ज्याच्या कानावरून गेले नाही असा शाळकरी मुलगा आज महाराष्ट्रात सापडणे कठीण. दरवर्षी २८ फेब्रुवारीस शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो आणि त्यांनी प्रकाशाविषयी लावलेल्या शोधावर एखादे भाषण होते. परंतु याच रामन यांनी आपल्या उमेदीची दहा वर्षे, म्हणजे १९०७ पासून १९१७ पर्यंतचा काळ, सरकारच्या हिशेबखात्यात जमाखर्च तपासण्यात घालविला, ही गोष्ट त्या भाषणांतून बहुधा एका वाक्यात उरकली जाते. आम्ही या लेखात त्या एका वाक्याचाच विस्तार करणार आहोत.

असे करण्यास कारण आहे. आमच्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली अलीकडे वाणिज्य शाखेकडे वळली आहेत. सीएची परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अथवा सरकारी हिशेबसेवेत प्रवेश मिळावा, ही त्यांची व त्यांच्या आईवडिलांची आकांक्षा असते. गुणगौरव समारंभाच्या वेळी ही मंडळी भेटली की एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आमच्यासमोर येतो. परीक्षा आधी की नोकरी आधी? पदवी झाल्याबरोबर परीक्षेस बसावे, की चार वर्षे कमाई करून, घर सावरून मग बसावे? या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. ते कोणा थोर पुरुषाच्या आयुष्यात शोधावे लागते, आणि आमच्या मते रामन यांच्या आयुष्यात ते जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे प्रथम शाळेत शिक्षक होते व पुढे विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. आई पार्वती अम्मल. पाच मुलगे व तीन मुली असा मोठा परिवार होता आणि रामन हे त्यांतील दुसरे अपत्य. शिक्षकाच्या घरी पुस्तकांस तोटा नसतो आणि पैशास मुबलकता नसते, हे आम्ही शिक्षकाने वेगळे सांगावयास नको. त्या घरात वडिलांच्या संग्रहातील विज्ञानाचे ग्रंथ होते, वडिलांस व्हायोलिनचा नाद होता, आणि या दोन्ही गोष्टी मुलाच्या अंगी मुरल्या.

बुद्धी तर असामान्यच होती. अकराव्या वर्षी मॅट्रिक, १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बी. ए. व सुवर्णपदक, आणि जानेवारी १९०७ मध्ये अठराव्या वर्षी उत्तम गुणांनी एम. ए., असा त्यांचा विद्यार्थिदशेचा प्रवास आहे. एवढेच नव्हे तर एम. ए.चा अभ्यास चालू असतानाच त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकाशावर स्वतंत्र प्रयोग केले, आणि त्यांवरील त्यांचा पहिला निबंध नोव्हेंबर १९०६ मध्ये इंग्लंडच्या फिलॉसॉफिकल मॅगझीन या मान्यवर नियतकालिकात छापून आला.

असा विद्यार्थी विलायतेस जावा असे त्यांच्या अध्यापकांस वाटणे साहजिक होते. परंतु मद्रासच्या सिव्हिल सर्जनने प्रकृती तपासून, इंग्लंडची हवा या किरकोळ देहाच्या मुलास मानवणार नाही असा अभिप्राय दिला आणि तो दरवाजा बंद झाला. स्वदेशात तर संशोधन हीच उपजीविका करावी अशी सोय जवळपास नव्हतीच. घरी धाकटी भावंडे होती. अशा वेळी अठरा वर्षांच्या तरुणापुढे कोणते मार्ग होते, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

एक मार्ग असा की, कोठे तरी तात्पुरती जागा पत्करावी, एकदोन वर्षे प्रयोगशाळेत काढावीत आणि पुढे काय होते ते पाहावे. दुसरा मार्ग त्यांच्या घरातच दिसत होता. त्यांचे वडील बंधू सुब्रह्मण्य अय्यर हे सरकारच्या अर्थखात्यातील सेवेत शिरले होते. या सेवेची स्पर्धापरीक्षा हिंदुस्थानातच होत असे. तिच्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे आणि वैद्याचा दाखलाही आड येत नव्हता. मात्र तिच्यात पदार्थविज्ञानाच्या जोरावर पार पडणे शक्य नव्हते. इतिहास, अर्थशास्त्र यांसारख्या ज्या विषयांशी रामन यांचा आजवर फारसा संबंध नव्हता, त्यांचीही तयारी करावी लागणार होती.

रामन यांनी दुसरा मार्ग निवडला, आणि येथे वाचकांनी तारखांकडे लक्ष द्यावे. एम. ए. झाले ते जानेवारी १९०७ मध्ये आणि ही स्पर्धापरीक्षा दिली ती त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. दोहोंमध्ये विश्रांतीसाठी वर्ष गेले नाही, विचारविनिमयात सहा महिने गेले नाहीत. परीक्षेत त्यांचा क्रमांक सर्व हिंदुस्थानात पहिला आला. ६ मे १९०७ रोजी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि जूनमध्ये ते असिस्टंट अकाउंटंट जनरल या जागेवर कलकत्त्यास रुजू झाले. परीक्षा, विवाह, नोकरी हा क्रम पाच महिन्यांत पुरा झाला. या क्रमात परीक्षा पहिली होती, हेच आम्हांस अधोरेखित करावयाचे आहे.

परीक्षा ही तापलेल्या तव्यासारखी असते, असे आम्ही वर्गात नेहमी सांगत असू. तवा तापलेला असता भाकरी लवकर फुगते. एकदा निवला की पुन्हा तापविण्यास जळण दुप्पट लागते. अभ्यासाची बैठक, पाठांतराची सवय, वेळेत उत्तर लिहिण्याचा हात, या तिन्ही गोष्टी विद्यार्थिदशेत आपोआप अंगी असतात. नोकरीत एकदोन वर्षे गेली की त्या हळूहळू सुटतात आणि त्या सुटल्या आहेत हेही माणसास लवकर कळत नाही. रामन यांची बुद्धी आपल्यापाशी नसेल. पण त्यांनी तवा निवू दिला नाही, एवढे तर आपणांपैकी कोणासही करता येण्याजोगे आहे.

आता कोणी म्हणेल, ज्या माणसाचा पिंड विज्ञानाचा, त्याने हिशेबाची चाकरी पत्करली हे त्याचे दुर्दैवच नव्हे काय? पुढील हकीकत वाचल्यावर तसे वाटणार नाही. कलकत्त्यास आल्यावर थोड्याच दिवसांत बहुबाजार रस्त्यावरील २१० क्रमांकाच्या इमारतीवर विज्ञानसंवर्धनार्थ स्थापन झालेल्या संस्थेची पाटी त्यांच्या नजरेस पडली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ही संस्था मोठ्या हौसेने काढली होती, परंतु तिची प्रयोगशाळा त्या काळी जवळजवळ ओस पडली होती. संस्थेचे चिटणीस अमृतलाल सरकार हे महेंद्रलालांचे चिरंजीव. त्यांनी या तरुण अधिकाऱ्यास आनंदाने प्रयोगशाळा मोकळी करून दिली. आशुतोष डे नावाचे तेथील सेवक पुढे रामन यांचे विश्वासू साहाय्यक झाले.

त्यानंतरची रामन यांची दिनचर्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पहाटे साडेपाचच्या सुमारास ते प्रयोगशाळेत जात. पावणेदहाच्या सुमारास घरी येऊन स्नान व भोजन आटोपीत आणि कचेरी गाठीत. पाच वाजता कचेरी सुटली की घरी न जाता पुन्हा प्रयोगशाळेत, आणि रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास घरी. रविवारही प्रयोगांतच जाई. कचेरीच्या कामात त्यांनी कुचराई केली असेही नाही, कारण तशी असती तर थोड्याच वर्षांत बढती मिळाली नसती. दिवसाचा मधला भाग सरकारचा आणि दोन्ही बाजू स्वतःच्या, अशी त्यांनी स्वच्छ वाटणी केली होती. हिशेबनिसाची शिस्त त्यांनी वेळेच्या जमाखर्चासही लावली असे म्हटल्यास चालेल. या काळात त्यांचे निबंध परदेशच्या नियतकालिकांत नियमाने प्रसिद्ध होत राहिले.

नोकरी म्हटली की बदली आलीच. १९०९ साली त्यांची रंगून येथे चलनखात्याच्या कामावर बदली झाली. तेथे असतानाच वडील निवर्तल्याची वार्ता आली आणि उत्तरक्रियेसाठी त्यांस मद्रास प्रांती परतावे लागले. रामन यांच्या वयाची बावीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. वाचकहो, आमच्या मते या चरित्रातील मर्म येथे आहे. ज्या तरुणाने १९०७ च्या फेब्रुवारीत परीक्षा पुढे ढकलली असती, त्याच्यावर हा आघात कोणत्या स्थितीत कोसळला असता? धाकटी भावंडे, विधवा माता, आणि हाती कायमचे काही नाही! अशा घरात मग परीक्षेचे पुस्तक कोण उघडतो? परंतु येथे दोन्ही थोरले भाऊ आपापल्या पदांवर स्थिर होते आणि घर तरले. परीक्षा वेळेवर देण्याचा खरा लाभ कोणता हे ती देताना कळत नाही. तो असा अकस्मात प्रसंगी कळतो.

त्यानंतर १९१० साली रामन यांची बदली नागपुरास झाली. मध्यप्रांत व वऱ्हाडची ती राजधानी. आम्हा मराठी माणसांस अभिमान वाटावा की, पुढे जगद्विख्यात झालेल्या या पुरुषाने आमच्या नागपुरात काही काळ सरकारी हिशेब तपासले. कलकत्त्याची प्रयोगशाळा दूर राहिली म्हणून ते तेथे स्वस्थ बसले नाहीत. राहत्या घरीच जमेल तेवढी साधने मांडून त्यांनी आपले प्रयोग चालू ठेवले. नागपुरात वर्षही पुरे होते न होते तोच १९११ साली बढती मिळून ते कलकत्त्यास परतले आणि पहाट व संध्याकाळ पुन्हा प्रयोगशाळेस मिळू लागली. १९१२ साली कर्झन संशोधन पारितोषिक व १९१३ साली वुडबर्न पदक त्यांस मिळाले, ते सरकारी हिशेबखात्यातील अधिकारी असतानाच.

यापुढील भाग दुसऱ्या प्रकारच्या निर्णयाचा आहे. कलकत्ता विद्यापीठाचे सूत्रधार सर आशुतोष मुखर्जी यांनी नवे विज्ञान महाविद्यालय उभारले होते आणि तारकनाथ पालित यांच्या देणगीतून पदार्थविज्ञानाचे अध्यापकपद निर्माण झाले होते. त्या पदासाठी आशुतोषबाबूंची दृष्टी रामन यांच्यावर गेली. अडचणी दोन होत्या. प्राध्यापकाने परदेशी शिक्षण घेतलेले असावे अशी एक अट होती, आणि त्यासाठी विलायतेस जाण्यास रामन तयार नव्हते. ती अट अखेर सैल करण्यात आली. दुसरी अडचण वेतनाची. अध्यापकपदाचे वेतन हिशेबखात्यातील वेतनाच्या सुमारे निम्मे होते. तरीही १९१७ साली त्यांनी सरकारी सेवेचा राजीनामा दिला आणि अध्यापकपद स्वीकारले.

या राजीनाम्याचे गुणगान सारेच करतात आणि ते यथार्थ आहे. परंतु तो केव्हा दिला याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो अठराव्या वर्षी दिलेला नाही, अठ्ठाविसाव्या वर्षी दिलेला आहे. मध्यंतरी दहा वर्षे गेली होती. घर उभे राहिले होते, संशोधक म्हणून नाव झाले होते, आणि समोर तात्पुरती आशा नसून एक निश्चित पद होते. वेतनाचा निम्मा भाग सोडण्याचे धैर्य ज्यास वेतन आहे त्यालाच दाखविता येते. म्हणून आम्ही म्हणतो की, १९१७ चा राजीनामा १९०७ च्या परीक्षेने शक्य केला.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९२१ च्या सागरप्रवासात समुद्राच्या निळाईने त्यांच्या मनात घर केले. १९२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासदत्व दिले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने चाललेल्या प्रयोगांतून, प्रकाश पदार्थात विखुरताना त्याचा काही अंश आपला रंग बदलतो हे निश्चित झाले आणि १९३० साली नोबेल पारितोषिक भारतात आले. १९३३ साली ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले, १९५४ साली भारतरत्न झाले, आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे वडील बंधू सुब्रह्मण्य अय्यर हिशेबखात्यातच राहिले. त्यांचे चिरंजीव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांसही १९८३ साली नोबेल मिळाले. म्हणजे एका भावाने नोकरी सोडून कीर्ती मिळविली आणि दुसऱ्याने ती न सोडता पुढच्या पिढीस उंचीवर नेले. दोन्ही मार्ग आदरणीयच होत, आणि दोन्हींच्या आरंभी एकच परीक्षा आहे.

आता आजच्या तरुणांकडे वळू. रामन यांची परीक्षा नोकरीचे दार उघडणारी होती. त्या सेवेची परंपरा आज भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेत चालू असून तीत प्रवेश संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होतो. सीएची परीक्षा तशी नव्हे. १ जुलै १९४९ रोजी कायद्याने स्थापन झालेली सनदी लेखापालांची संस्था ती घेते, आणि तिच्या मध्येच आर्टिकलशिपचा काळ येतो. २०२३ साली जी नवी योजना आली तीनुसार विद्यार्थ्याने प्रथम फाउंडेशन, मग इंटरमीजिएटचे दोन्ही गट, त्यानंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल, असा क्रम घालून दिला आहे. पूर्वी आर्टिकलशिप तीन वर्षांची असे.

आमचे म्हणणे या शेवटच्या सहा महिन्यांविषयी आहे. आर्टिकलशिप करून आलेल्या मुलास काम येत असते, त्यामुळे याच काळात त्यास नोकरीचे निमंत्रण येते. घरीही वाटते की, आता दोन पैसे येऊ लागावेत. मुलगी असेल तर याच सुमारास स्थळे सांगून येतात. आणि मग फायनल पुढच्या खेपेस, त्याच्या पुढच्या खेपेस, असे करता करता इंटर झालेला मुलगा इंटर झालेलाच राहतो. परीक्षा कोणी सोडलेली नसते, ती केवळ पुढे ढकललेली असते. सोडल्याचे दुःख एकदा होऊन जाते, ढकलल्याचे दरवर्षी होते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, हे सहा महिने त्यांनी मुलांस द्यावेत. त्या काळात त्यांच्या कमाईवर घराचा हिशेब मांडू नये. मुलींच्या बाबतीत तर आम्ही आग्रहाने सांगू की, विवाह परीक्षेनंतर ठरवावा. भारतातील पहिल्या महिला हिशेबतपासनीस रा. शिवभोगम यांनी १९३३ साली, पारतंत्र्याच्या काळात, सरकारची हिशेबविद्येची पदविका मिळविली. आज अनुकूलता कितीतरी अधिक असता आमच्या मुली मागे का राहाव्यात?

प्रत्येक घरची स्थिती सारखी नसते हे आम्ही जाणतो. कोठे वडील आजारी असतात, कोठे कर्जाचे हप्ते असतात, आणि कमावल्यावाचून गत्यंतर नसते. अशा मुलांनी रामन यांचे पहिले उदाहरण सोडून दुसरे घ्यावे. नोकरी जरूर करावी, पण पहाट कोणासही विकू नये. रोजचे ठरलेले दोन तास, ठरलेल्या जागी, रविवारी थोडे अधिक, एवढे ज्याने वर्षभर पाळले त्याचा तवा निवत नाही. बदली होवो, गाव बदलो, नागपुरातील त्या घरगुती प्रयोगशाळेचे स्मरण ठेवावे.

आणि ज्यांची स्थिती बरी आहे अशा ज्ञातिबांधवांसही एक सुचवावेसे वाटते. गुणगौरवाच्या वेळी आपण उत्तीर्ण झालेल्यांस बक्षिसे देतो ते योग्यच आहे. परंतु ज्यास खरी निकड आहे तो व्यासपीठावर आलेलाच नसतो. तो आर्टिकलशिप संपवून, फायनल की पगार अशा पेचात घरी बसलेला असतो. अशा एकेका विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांच्या खर्चाचा भार एकेका सुस्थित कुटुंबाने उचलला, तर त्याचे फळ एका पारितोषिकाहून कितीतरी मोठे असेल. १९०७ साली रामन यांच्या घरी जे थोरल्या भावाच्या उदाहरणाने घडले, ते आमच्या ज्ञातीत थोरल्या पिढीच्या आधाराने घडावे.

परीक्षा हे आयुष्याचे साध्य नव्हे. ती ज्याने वेळेवर दिली त्यास पुढे आपले साध्य निवडण्याची मोकळीक मिळते, आणि त्या मोकळिकीचे मोल रामन यांच्या जीवनाहून अधिक स्पष्ट कोण दाखविणार? येत्या वर्षी परीक्षेस बसणाऱ्या आमच्या सर्व मुलामुलींस सुयश चिंतून हा लेख पुरा करतो.